फ्लीसचं अस्तर ताणायचं नसतं

गोधडी शिवायला मला सासूबाईंनी शिकवलं. त्यांचं पहिलं वाक्य अजून त्यांच्या आवाजासकट आठवतं, "अगं, अस्तर ताणून धर. ढिलं राहिलं की चुणी पडलीच म्हणून समज." सुती अस्तराच्या बाबतीत हे अगदी खरं आहे. अस्तर जमिनीवर चिकटपट्टीने ताणून बसवायचं, मधला थर त्यावर पसरायचा, वर जोडकामाची, म्हणजे तुकडे जोडून केलेली, बाजू ठेवायची आणि मधून कडेकडे सरकत पिना लावायच्या. इतकी वर्षं मी तसंच करत आले. फ्लीसचं, म्हणजे पॉलिएस्टरच्या मऊ, उबदार कापडाचं, अस्तर पहिल्यांदा हाती घेतलं तेव्हा चूक झाली ती नेमकी याच सवयीमुळे.

निमित्तही सासूबाईंचंच होतं. गेल्या दोन वर्षांत त्यांचे खांदे फार दुखायला लागले. कापूस भरलेली गोधडी अंगावर घेतली की त्यांना कूस वळवता येईना. रात्री त्या ती पायांनी खाली ढकलत आणि पहाटे गारठून उठत. ऊब तेवढीच हवी होती, पण वजन नको होतं. मधला थर पातळ करून पाहिला, तर ऊब गेली. मग वाटलं, मधला थर ठेवायचाच नाही. वर सुती जोडकाम, खाली फ्लीस, बस्स.

फ्लीस उबदार असतं ते त्याच्या लवेमुळे. हे पॉलिएस्टरचं विणलेलं कापड. विणून झाल्यावर ते ब्रशने खरवडून त्याची लव वर काढतात आणि मग ती एकसारखी कापतात. अमेरिकेतल्या माल्डन मिल्स या गिरणीने १९७९ च्या सुमारास ते लोकरीला पर्याय म्हणून तयार केलं. त्या लवेत हवा अडकून राहते आणि तीच ऊब देते. पण फ्लीसमधून वारा आरपार जातो. नुसतं फ्लीस पांघरून दाराशी बसलं की हे लगेच कळतं. वर घट्ट विणीचं सुती कापड असलं की वारा अडतो आणि आतली हवा जागेवर राहते. सुती जोडकाम आणि फ्लीस ही जोडी मला पटली ती यामुळे. दोघांमध्ये तिसरं काही घालायची गरजच उरत नाही.

आणखी एक सोय म्हणजे पन्हा, कापडाची रुंदी. जोडकामाचं सुती कापड साधारण ४४ इंच पन्ह्याचं असतं, त्यामुळे अस्तराला मधोमध जोड द्यावाच लागतो. फ्लीस ५८ ते ६० इंच मिळतं. माझी गोधडी ५० बाय ६० इंचांची होती. चारही बाजूंनी चार-चार इंच जास्तीचे धरले तर अस्तर ५८ बाय ६८ लागत होतं. ते एका तुकड्यात बसलं. पाठीला टोचणारा जोड नाही, याचं मला फार समाधान वाटलं.

जोडकाम सोपंच ठेवलं होतं. साडेपाच इंचांचे १२० चौकोन कापले. पाव इंच शिलाई जाऊन चौकोन पाच इंचांचा राहतो. आडवे दहा, उभे बारा. सुती कापडं आधी धुऊन घेतली, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि पॉलिएस्टर आटत नाही. न धुता जोडलं असतं, तर पुढे वरची बाजू आखडली असती आणि खालची होती तशीच राहिली असती. काहींना तो चुरगळलेपणा आवडतो. मला सासूबाईंच्या गोधडीवर तो नको होता.

मग आला तो दिवस. खोलीतलं सामान बाजूला केलं, फरशी पुसली आणि फ्लीस उलटं पसरलं. फ्लीसची सुलट बाजू पटकन ओळखू येत नाही. पन्ह्याच्या दिशेने कापलेला काठ दोन्ही हातांनी ओढला की तो ज्या बाजूला गुंडाळला जातो ती उलटी बाजू. ते पाहिलं, उलटी बाजू वर ठेवली आणि मग शिकवल्याप्रमाणे एक कड चिकटवली, समोरची कड हातांनी ओढली, चिकटवली. उरलेल्या दोन कडांनाही तसंच. कापड ढोलकीच्या पानासारखं ताणलं गेलं आणि मला वाटलं, छान बसलं. त्यावर जोडकाम पसरलं, दोनशेच्या आसपास सेफ्टी पिना लावल्या आणि चिकटपट्ट्या काढायला घेतल्या.

पहिली पट्टी निघाली तेव्हा काही झालं नाही. दुसऱ्या कडेची निघाली आणि अख्खी गोधडी माझ्या डोळ्यांदेखत आक्रसली. फ्लीस आपल्या मूळ जागी परत गेलं होतं आणि वरचं सुती कापड, ज्याला आक्रसता येत नाही, ते प्रत्येक दोन पिनांच्या मध्ये फुगून उभं राहिलं. टेपने मोजलं तर पन्ह्याच्या बाजूने दीड इंच कमी भरलं. लांबीच्या बाजूने फरक जवळजवळ नव्हता. तिथेच मला थांबायला हवं होतं. पण दोनशे पिना लावल्यावर त्या पुन्हा काढायचं जिवावर आलं. टीप मारताना बसेल सगळं, असं स्वतःला सांगितलं आणि मशीनवर गेले.

तीन आडव्या टिपा मारल्या. मशीनचा नेहमीचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारी दाबपट्टी, नेहमीची सुई, अडीच मिलिमीटरचा टाका. पहिल्याच टिपेत दाबपट्टीसमोर सुती कापडाची लाट जमायला लागली. प्रत्येक चौकोनाच्या शेवटी ती लाट उभ्या जोडावर येऊन दुमडत होती. खाली पाहिलं तर तीन-चार ठिकाणी टाका पडलेलाच नव्हता, दोरा नुसता लवेवर लोंबत होता. तिसऱ्या टिपेनंतर मशीन बंद केलं.

सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला नाही, नुसता तळवा फिरवला. "ताणलं होतंस का?"

"हो आई. तुम्ही शिकवलं तसंच."

त्यांनी फ्लीसचा काठ दोन बोटांत धरून आडवा ओढला, सोडला. पुन्हा ओढला, सोडला. मग म्हणाल्या, "हे लुगड्याचं कापड नाही गं. हे बनियनचं कापड आहे. बनियन कधी ताणून शिवतात का?"

सगळा उलगडा त्या एका वाक्यात झाला. सुती कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा असतो. दोन्ही दोरे सरळ गेलेले असतात, त्यांना लांब व्हायला वाव नाही. तिथे ताणण्याचा अर्थ फक्त सुरकुत्या काढणं एवढाच. फ्लीसमध्ये दोऱ्याचे फासे असतात. ओढलं की फासा आडवा पसरतो, सोडलं की परत गोल होतो. म्हणून ते पन्ह्याकडे जास्त ताणतं आणि लांबीकडे कमी. मी दीड इंचाचा ताण शिवून टाकत होते आणि गोधडी तो परत मागत होती.

उसवणं हे या सगळ्यातलं सर्वांत कष्टाचं काम निघालं. फ्लीसच्या बाजूने टाका दिसतच नाही, तो लवेत बुडालेला असतो. उसवणीचं टोक तिथे घातलं तर टाक्याऐवजी कापडाचा फासा कापला जायची भीती. एका ठिकाणी कापला गेलाच, तांदळाच्या दाण्याएवढं भोक पडलं. नंतर रीत सापडली. वरच्या सुती बाजूने दर चौथा-पाचवा टाका कापायचा, मग गोधडी उलटी करून बॉबिनचा, म्हणजे मशीनच्या खालच्या रिळाचा, दोरा हळूच ओढायचा. तो लांबच लांब अखंड निघून येतो आणि वर उरलेले तुकडे हाताने झटकता येतात. ५० इंचांच्या तीन टिपांना पूर्ण दुपार गेली. भोक उलट्या बाजूने चार बारीक टाक्यांनी बुजवलं.

दुसऱ्यांदा बसण्याआधी मी एक गोष्ट केली, जी पहिल्यांदाच करायला हवी होती. उरलेल्या फ्लीसचे आणि सुती कापडाचे वीतभर तुकडे घेऊन त्यांच्यावर सगळे प्रयोग केले. फ्लीसवर काम करणाऱ्याला मी एकच गोष्ट कळकळीने सांगेन, ती हीच. तुकडा आधी खराब करा, गोधडी नको.

पहिला तुकडा इस्त्रीने खराब झाला. दोन थर एकत्र ठेवून सुती बाजूने इस्त्री फिरवली की सपाट होतील असं वाटलं होतं. इस्त्री सुतीच्या खुणेवर होती, म्हणजे २०० अंशांच्या आसपास. पॉलिएस्टर वितळतं ते साधारण २५० ते २६० अंशांना, पण लव त्याच्या कितीतरी आधी मान टाकते. तुकडा उलटा केला तर इस्त्रीच्या नाकाएवढा एक चकचकीत, कडक डाग होता. बोट फिरवलं तर कागदावर फिरवल्यासारखं वाटलं. ती लव पुन्हा उभी राहत नाही, ना धुऊन, ना घासून. तेव्हापासून नियम केला, जोडकामाला जी काय इस्त्री करायची ती फ्लीसला जोडण्याआधी. एकदा दोघे एकत्र आले की इस्त्री जवळ आणायची नाही.

सुईचं कोडं दुसऱ्या तुकड्यावर सुटलं. टाका पडतो तो असा. सुई खाली जाऊन किंचित वर येते, तेव्हा तिच्या पाठीमागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो आणि बॉबिनचा हुक तो फास पकडतो. फ्लीस मऊ आणि लवचीक असल्यामुळे ते सुईबरोबर वर उचललं जातं, फास नीट तयार होत नाही आणि हुक रिकामा फिरतो. टाका सुटला तो असा. लवचीक कापडासाठी गोल टोकाची सुई मिळते. ती दोऱ्यांना न भोसकता त्यांच्यामधून वाट काढते. मी ९० क्रमांकाची लावली आणि टाके सुटणं थांबलं. मात्र गोल टोक घट्ट सुती कापडात इतकं सफाईने शिरत नाही, त्यामुळे वरून टीप अगदी रेघेसारखी दिसत नाही, किंचित डुलते. मी ते मान्य केलं. वरून थोडी डुललेली टीप चालेल, खाली सुटलेला टाका चालणार नाही.

टाक्याची लांबी अडीचवरून साडेतीन मिलिमीटरवर नेली. लहान टाके लवेत बुडतात आणि सुई तितक्या जास्त वेळा कापड खाली दाबते, त्यामुळे फ्लीस टिपेच्या ओळीत लांबत जातं. दाबपट्टीचा जोर कमी केला. वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे त्याचा ताण, एका घराने सैल केलं. दोरा दोन्हीकडे पॉलिएस्टरचा घेतला, कारण त्याला थोडी लवचिकता असते आणि गोधडी ओढली गेली तरी तो तुटत नाही. टेन्शन बरोबर आहे की नाही हे फ्लीसच्या बाजूने डोळ्यांना कळत नाही. लव बोटांनी फाकवून, उजेडाकडे धरून पाहावं लागतं.

आणि वॉकिंग फूट. नेहमीच्या फुटात कापड फक्त खालचे दाते ओढतात, वरचा फूट नुसता दाबून धरतो. त्यामुळे खालचं फ्लीस पुढे जातं आणि वरचं सुती मागे राहून लाट बनते. वॉकिंग फुटाला वरूनही दाते असतात, दोन्ही थर बरोबरीने पुढे सरकतात. सुती अस्तराच्या गोधड्या मी त्याच्याशिवाय शिवल्या आहेत, पुढेही शिवेन. फ्लीसला मात्र तो हवाच.

दुसऱ्यांदा फ्लीस पसरलं तेव्हा सासूबाई खुर्चीत बसून पाहत होत्या. मी ते हातांनी झटकून हवेत उडवलं आणि जसं पडलं तसं पडू दिलं. मग मधून कडेकडे फक्त तळव्याने सारखं केलं. अर्धा तास तसंच सोडलं, कारण घडीत आणि गुंडाळीत राहिलेलं फ्लीस आपल्या मापावर यायला थोडा वेळ घेतं. मग चिकटपट्टी लावली, पण पट्टी लावताना कापडाला ओढ द्यायची नाही, पट्टी फक्त ते सरकू नये म्हणून. माझे हात सवयीने दोनदा ओढायला गेले आणि दोन्ही वेळा खुर्चीतून आवाज आला, "असू दे, असू दे." पिना तळव्याच्या अंतरावर लावल्या. पट्ट्या काढल्या. गोधडी हलली नाही.

टिपांचा क्रमही बदलला. यावेळी आधी लांबीच्या टिपा घेतल्या. फ्लीस त्या दिशेला कमी ताणतं, त्यामुळे त्या टिपा शहाण्यासारख्या जातात, आणि एकदा त्या पडल्या की पन्हा दर पाच इंचांवर बांधला जातो. मग आडव्या टिपा मारताना फ्लीसला पसरायला पाच इंचांचाच वाव राहतो. दहा चौकोनांमध्ये नऊ उभे जोड. बरोबर मधल्या, पाचव्या जोडापासून सुरुवात केली, उजवीकडे सरकत कडेपर्यंत गेले, मग गोधडी फिरवून उरलेला अर्धा भाग घेतला. एक टीप वरून खाली आणि शेजारची खालून वर, असं केलं की कापड दोन दिशांना ओढलं जाऊन मध्ये तिरक्या लाटा येतात, म्हणून एका अर्ध्यातल्या सगळ्या टिपा एकाच दिशेने.

सुरुवातीला माझ्या मनात दर एक इंचावर टीप होती. प्रयोगाच्या तुकड्यावर ते करून पाहिलं आणि तुकडा पुठ्ठ्यासारखा झाला. फ्लीसचा सगळा मऊपणा टिपांखाली दबून गेला. आत कापूस असेल तर तो गोळा होऊ नये म्हणून टिपा जवळ लागतात. इथे गोळा व्हायला आत काही नव्हतंच. म्हणून फक्त जोडांवरून, दर पाच इंचांवर.

एक गोष्ट मशीनवर बसल्यावरच लक्षात आली. फ्लीस टेबलावर घसरत नाही, लव पृष्ठभागाला धरून ठेवते. गोधडीचा भार टेबलाच्या कडेवरून खाली लोंबला की तो फ्लीसला ताणायला लागतो आणि आपण पसरताना पाळलेलं सगळं पथ्य वाया जातं. डाव्या हाताला आणि मशीनच्या मागे एकेक टेबल जोडलं, गोधडी त्यावर विसावेल असं केलं. दर थोड्या वेळाने थांबून, सुई खाली ठेवून, पुढचा भाग हातांनी उचलून मशीनच्या पाट्यावर सैल ठेवायचा. ओढायचा नाही, ढकलायचाही नाही. वेग कमी ठेवला. प्रत्येक बॉबिन संपली की झाकण काढून आतली लव ब्रशने काढली. तिसऱ्या बॉबिनला हुकाखालून करड्या लवेचा अख्खा बोळा निघाला. तो तसाच राहिला असता तर टाके पुन्हा सुटले असते.

नऊ उभ्या टिपा एका दिवसात झाल्या. अकरा आडव्यांना दोन दिवस लागले. त्यातल्या आठव्या टिपेत, कडेपासून दुसऱ्या चौकोनात, एक बारीक चुणी पडली. तांदूळभरसुद्धा नसेल. रात्र झाली होती, डोळे थकले होते, पण मला माहीत होतं की सासूबाईंचा तळवा तिथे थांबणार. चार इंच उसवलं, सकाळी पुन्हा शिवलं.

गोट, म्हणजे काठाची पट्टी, लावण्याआधी चारही कडांनी, काठापासून अष्टमांश इंच आत, वॉकिंग फुटाने एक सरळ टीप घेतली आणि मगच जास्तीचं फ्लीस कापलं. आधी कापलं असतं तर कापताना काठ लांबून लाटेसारखा झाला असता. फ्लीसचे दोरे सुटत नाहीत, त्यामुळे कापणं सुखाचं असतं. गोट सुती कापडाचा, अडीच इंचांच्या सहा पट्ट्या जोडून, दुहेरी दुमडून. पुढच्या बाजूने मशीनवर लावला, मागे वळवून हाताने टाके घातले. इथे लव पहिल्यांदाच माझ्या बाजूने होती. हाताचा प्रत्येक टाका तिने पोटात घेतला, एकही दिसत नाही.

झालेली गोधडी सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उलटी केली, फ्लीसवरून तळवा फिरवत गेल्या, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. आठव्या टिपेजवळ हात थांबला. "इथे उसवलंयस?"

"हो. चुणी होती."

"आता नाही." मग तिथून दूर, मधल्या एका चौकोनाखाली बोट टेकवलं. "आणि हे काय?" ते बुजवलेलं भोक होतं. मी त्याच्याविषयी कुणाला सांगितलं नव्हतं.

दोन महिन्यांत गोधडी तीनदा धुतली. गार पाणी, सौम्य साबण, कपडे मऊ करणारं द्रावण अजिबात नाही, कारण त्याचा थर लवेवर बसतो आणि ती चिकटते. कडक उन्हापेक्षा वाऱ्यावर वाळवते. पॉलिएस्टर पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे फ्लीसची बाजू आधी कोरडी होते आणि सुती बाजू नंतर. वाळली की नाही हे पाहायचं तर हात सुती बाजूला लावावा. चौकोन सरळ आहेत. सासूबाई जिथे कोपर टेकतात तिथे लवेचे बारीक गोळे यायला लागले आहेत. कापड घेताना गोळे न येणाऱ्या प्रकारचं मागायला हवं होतं, ते राहिलं.

पुढच्या गोधडीसाठी तसं फ्लीस आणून ठेवलंय. कालपासून ते पलंगावर उलगडून, सैल पसरून ठेवलं आहे. कापायची घाई नाही.